टपालाने आलेले पाकीट आणि त्यानंतरचे उपचार: मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा माझा अनुभव

इंग्लंडमध्ये ५० ते ७४ या वयोगटातील ज्या व्यक्तींची नोंद सरकारी आरोग्यसेवेच्या डॉक्टरकडे आहे, त्यांना दर दोन वर्षांनी टपालाने एक पाकीट येते. शौचाचा थोडासा नमुना घरीच घ्यायचा आणि परत पाठवायचा, एवढेच त्यात अपेक्षित असते. २०२३ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, मला असे पाकीट पहिल्यांदा आले आणि त्यातून माझ्या मोठ्या आतड्यातील कर्करोगाचा शोध लागला. मला तेव्हा पोटदुखी नव्हती, वजन घटले नव्हते आणि शौचावाटे रक्त पडलेले कधी दिसले नव्हते. उपचार सुरू असताना आणि ते संपल्यावर मी या विषयावरचे संशोधन जमेल तसे वाचत गेलो. माझ्या वाट्याला आलेली जवळपास प्रत्येक गोष्ट, मग ती बाटलीतली काडी असो की केमोथेरपीचा कालावधी, आधी कोणत्या तरी अभ्यासात हजारो लोक स्वेच्छेने सहभागी झाले म्हणून तशी ठरली होती, हे मला त्या वाचनातून कळले. म्हणून माझ्या अनुभवासोबत त्या अभ्यासांविषयीही लिहीत आहे.

पाकिटात हिरव्या झाकणाची, बोटाएवढी प्लास्टिकची बाटली होती. झाकणालाच एक बारीक काडी जोडलेली असते आणि काडीच्या टोकाला खाचा असतात. त्या खाचा भरतील इतकाच नमुना पुरतो. जास्त घेण्याची गरज नसते. काडी बाटलीत घालून झाकण घट्ट लावायचे, बाटलीवर तारीख लिहायची आणि टपालखर्च आधीच भरलेल्या पाकिटातून ती पाठवून द्यायची. काम पाच मिनिटांचे आहे. तरीही ब्रिटनमधील दक्षिण आशियाई समाजात या तपासणीला मिळणारा प्रतिसाद इतरांपेक्षा कमी असल्याचे वारंवार दिसून आले आहे. आमच्या ओळखीच्या मराठी घरांतही हे पाकीट कपाटात पडून राहिल्याचे मी पाहिले आहे. शौचाविषयी बोलायचे नाही, ही सवय आपल्याला लहानपणापासून लागते आणि ती परदेशात आल्याने सुटत नाही.

या तपासणीला ‘फिट’ म्हणतात. मानवी रक्तातील हिमोग्लोबिन ओळखणारी प्रतिपिंडे तिच्यात वापरलेली असतात. गाठ किंवा मोठा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला मांसल कोंब, असल्यास त्यातून डोळ्यांना न दिसणारे रक्त झिरपते आणि ते यात मोजले जाते. मटण खाल्ले म्हणून निकाल बदलत नाही, त्यामुळे पथ्य नसते. इंग्लंडमध्ये २००६ साली हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा जुनी पद्धत होती. तिच्यात तीन वेगवेगळ्या वेळच्या शौचाचे नमुने पुठ्ठ्याच्या कार्डावर सारवावे लागत. त्या जुन्या पद्धतीचा पाया नॉटिंगहॅममध्ये १९८०च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासाने घातला. सुमारे दीड लाख लोकांवर झालेल्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले आणि तपासणीसाठी बोलावलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू १५ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे ‘फिट’ची प्रायोगिक चाचपणी झाली तेव्हा नमुना पाठवणाऱ्यांचे प्रमाण ५९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले आणि जून २०१९ पासून सगळीकडे तीच पद्धत आली. तीन नमुन्यांऐवजी एक नमुना, एवढ्या बदलाने इतके लोक वाढतात, ही गोष्ट मला कोणत्याही नव्या औषधाइतकीच मोलाची वाटते.

मला आलेल्या पत्रात पुढील तपासणीची गरज असल्याचे लिहिले होते. इंग्लंडमध्ये तेव्हा एक ग्रॅम नमुन्यात १२० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन ही मर्यादा होती; स्कॉटलंडमध्ये ती ८० ठेवलेली आहे. मर्यादा खाली आणली की अधिक रोगी सापडतात, पण कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे आतून पाहण्यासाठी, अधिक लोकांनाही बोलवावे लागते. म्हणून ‘पुढील तपासणीची गरज नाही’ असे पत्र आले, तरी रक्त अजिबात नव्हते असा त्याचा अर्थ होत नाही. नंतर लक्षणे दिसू लागली तर डॉक्टरकडे जायलाच हवे. दर शंभर लोकांमागे सुमारे दोघांनाच पुढे बोलावले जाते आणि त्यांच्यापैकीही बहुतेकांना कर्करोग नसतो, असे परिचारिकेने फोनवर समजावून सांगितले. औषधे, ॲलर्जी, घरी सोबत कोण आहे, हे सगळे तिने शांतपणे विचारले.

कोलोनोस्कोपीपूर्वी चोथा नसलेले अन्न खायचे असते. छापील यादीत ब्रेड, पास्ता आणि बटाटे होते. आमच्या स्वयंपाकघरातले फारसे काही नव्हते. पत्नीने फोन करून एकेक पदार्थ विचारून घेतला. ज्वारीची भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या आणि कोशिंबीर बंद. पांढरा मऊ भात, साल काढून उकडलेला बटाटा, अंडे आणि मासा चालेल, असे ठरले. आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी पहाटे लिंबाच्या चवीची पावडर पाण्यात कालवून प्यायची होती. खारट-गोड चव आणि पाण्याचे प्रमाण यांमुळे हा भाग सर्वांत कंटाळवाणा असतो. पण आतडे पूर्ण स्वच्छ नसेल तर बारीक पॉलिप मळाआड लपतो, म्हणून शेवटचा पेलाही पिणे आवश्यक आहे.

मला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवले. गुंगीच्या इंजेक्शनाऐवजी मी तोंडाने ओढायचा वेदनाशामक वायू मागितला, त्यामुळे समोरच्या पडद्यावर सगळे दिसत होते. आतड्याचे आतले अस्तर गुलाबी आणि ओलसर चमकणारे असते, हे मी प्रथमच पाहिले. वळणावर दुर्बीण अडली तेव्हा पोटात कळ आली. परिचारिकेने पोटावर हात दाबून धरला आणि मला पाठीवर वळवले, तशी ती पुढे सरकली. मोठ्या आतड्याच्या शेवटाकडील सिग्मॉइड या भागात उंचवटा दिसला. त्याचा रंग लालसर होता, पृष्ठभाग खडबडीत होता आणि काठातून किंचित रक्त येत होते. डॉक्टरांनी त्याचे तुकडे बायोप्सीसाठी घेतले आणि शेजारी काळ्या शाईची इंजेक्शने दिली. आतड्याच्या बाहेरून पाहणाऱ्या सर्जनला जागा ओळखता यावी, यासाठी ही खूण करतात. कोणी काही बोलण्याआधीच त्या शाईने मला बरेच काही सांगितले होते.

याच सुमारास एका स्नेह्याने व्हॉट्सॲपवर बातमी पाठवली की कोलोनोस्कोपीचा काही उपयोग नसल्याचे संशोधनात सिद्ध झाले आहे. बातमीचे मूळ ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्डिक’ अभ्यासात होते. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधील ८४,५८५ लोकांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडले होते. एका गटाला कोलोनोस्कोपीचे निमंत्रण दिले, दुसऱ्याला दिले नाही. दहा वर्षांत निमंत्रित गटातील कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी कमी झाला, मात्र मृत्यूंमध्ये निश्चित म्हणता येईल असा फरक आढळला नाही. बातमीत एक गोष्ट गाळली होती: निमंत्रितांपैकी प्रत्यक्ष तपासणी ४२ टक्क्यांनीच करून घेतली होती आणि निष्कर्षात तपासणीला न आलेल्या ५८ टक्के लोकांचीही गणना होती. अभ्यासात निमंत्रणाचा परिणाम मोजला होता. तपासणी करून घेणाऱ्याला तिचा उपयोग नाही, असे त्यातून निघत नाही. पुढे २०२५ मध्ये स्पेनमधील सुमारे ५७ हजार लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात एका गटाला एकदाच कोलोनोस्कोपीचे आणि दुसऱ्याला दर दोन वर्षांनी ‘फिट’चे निमंत्रण होते. कोलोनोस्कोपीला सुमारे ३२ टक्के आणि ‘फिट’ला सुमारे ४० टक्के लोकांनी प्रतिसाद दिला आणि दहा वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे, म्हणजे ०.२२ आणि ०.२४ टक्के निघाले. घरपोच येणाऱ्या बाटलीला कमी प्रतीची तपासणी समजू नये, एवढे यातून मला पटले.

बायोप्सी, सीटी स्कॅन आणि तज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीनंतर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली. त्याबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला झोपवून ठेवण्याऐवजी लवकर उठवायचे, लवकर खायला द्यायचे, ही पद्धत डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात मांडली. तिच्यामुळे मी दुसऱ्याच दिवशी वॉर्डात चालत होतो. काढलेल्या लसिका ग्रंथींपैकी एकीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या. म्हणजे रोग तिसऱ्या टप्प्यातला, परंतु त्या टप्प्यातील कमी जोखमीच्या गटातला होता.

येथे मला सर्वांत मोठा दिलासा एका अभ्यासाने दिला. पूर्वी अशा रुग्णांना सहा महिने केमोथेरपी देत. त्यातील ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधाने हातापायांच्या नसांवर परिणाम होतो आणि तो काहींमध्ये कायमचा राहतो. तीन महिने पुरतील का, हे पाहण्यासाठी सहा अभ्यासांतील १२,८३४ रुग्णांची माहिती एकत्र केली गेली. त्यांपैकी सुमारे चार हजार रुग्ण ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासातील होते. २०१८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा माझ्यासारख्या कमी जोखमीच्या गटात, गोळ्या आणि सलाइन अशा जोड-उपचाराचे तीन महिने सहा महिन्यांच्या तोडीचे ठरले, आणि नसांचा त्रास शंभरातल्या सुमारे ४५ जणांऐवजी १५ जणांनाच ठळकपणे झाला. आपल्याला अर्धेच औषध मिळू शकते, हे माहीत असूनही ज्या रुग्णांनी त्या अभ्यासाला संमती दिली, त्यांच्याविषयी माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे. तीन महिन्यांतही औषधाचा हिसका मला कळला. फ्रिजमधले दुधाचे पातेले उचलले की बोटांत विजेसारख्या मुंग्या येत, नळाच्या गार पाण्याने घसा आवळल्यासारखा होई. हातमोजे आणि कोमट पाणी यांवर ते दिवस काढले. माझ्या बोटांची संवेदना परत आली आहे; शर्टाची बटणे मी स्वतः लावतो.

केमोथेरपी संपल्यानंतर पुढच्या वर्षी, जून २०२५ मध्ये, व्यायामाविषयीचा ‘चॅलेंज’ अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण केलेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायाम आणि उरलेल्यांना केवळ माहितीपुस्तिका दिली होती. पाच वर्षांनंतर रोग न उलटता जगणारे पहिल्या गटात ८०.३ टक्के आणि दुसऱ्यात ७३.९ टक्के होते. आठ वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.३ आणि ८३.२ टक्के होते. औषधाने एवढा फरक पडला असता तर ते प्रत्येक रुग्णाला लिहून दिले गेले असते. स्नायू आणि सांध्यांच्या तक्रारी व्यायाम करणाऱ्या गटात अधिक होत्या, हेही त्यात नमूद आहे. माझ्या डॉक्टरांशी बोलून मी आठवड्यातून चार दिवस पाऊण तास झपाझप चालतो. त्याच वर्षी ॲस्पिरिनवरचा स्कँडिनेव्हियन अभ्यासही आला. गाठीत विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या रुग्णांमध्ये कमी मात्रेच्या ॲस्पिरिनने रोग उलटण्याचे प्रमाण साधारण निम्मे झाले. परंतु तो बदल प्रत्येकाच्या गाठीत नसतो आणि ॲस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून मी ती गोळी स्वतःच्या मनाने सुरू केली नाही.

ब्रिटनमध्ये अशा प्रत्येक गाठीची, या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक लिंच सिंड्रोमची शक्यता पाहण्यासाठी, तपासणी करण्याची शिफारस २०१७ पासून आहे. माझ्या गाठीत तसे काही आढळले नाही. तरीही मी सांगलीला दादाला फोन केला, कारण त्याला अधूनमधून रक्त पडते हे मला ठाऊक होते. “अरे, ती माझी जुनी मूळव्याध आहे, चाळिशीपासूनची,” असे तो पहिल्यांदा म्हणाला. भारतात या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे आणि सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीनच ठिकाणच्या कर्करोगांचा समावेश आहे. त्यामुळे त्याच्या घरी असे पाकीट येणार नव्हते. वहिनीने आग्रह धरला आणि तो पोटविकारतज्ज्ञांकडे गेला. रक्त मूळव्याधीचेच निघाले, पण आतड्यात एक लहान पॉलिप सापडला आणि तो त्याच वेळी काढला. आता पुढची कोलोनोस्कोपी कधी करायची, हे त्याच्या डॉक्टरांनी पॅथॉलॉजीच्या अहवालावरून ठरवून त्याला लेखी दिले आहे.