मोठी टाकी, नोंद दुसरी: उंची ७५ वरून ६५ सेंमी

माझ्या माशांच्या मोठ्या टाकीचा मागच्या नोंदीतला आराखडा २४० × ७५ × ७५ सेंमीचा होता. तो बदलला. आता टाकी २४० लांब, ९० रुंद आणि ६५ उंच होणार. काचेची ऑर्डर गेलीय, तेव्हा मन वळवायला कुणी येऊ नये. पण कारणं सविस्तर लिहिते, कारण मोठी टाकी म्हटलं की आपण सगळे आधी उंचीलाच भुलतो.

टाकी कितीही लांब असली तरी पाण्याचा दाब उंचीवरच ठरतो. वर शून्य, तळाशी सर्वांत जास्त. त्यामुळे समोरच्या काचेवरचा एकूण रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २४० सेंमी लांब काचेमागे ७५ सेंमी पाणी असेल, तर रेटा साधारण ६७५ किलो वजनाइतका. ६५ सेंमीला तोच ५०७ किलो. म्हणजे उंची १० सेंमीने उतरवली आणि रेटा पाव भागाने गेला. शिवाय रुंदी वाढवल्यामुळे पाणी घटलं नाहीच, उलट थोडं वाढलं: आधी १,३५० लिटर, आता १,४०० च्या किंचित वर. हा आकडा बाहेरच्या मापांचा. काचेची जाडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्षात १,२०० लिटर धरा.

दुसरं कारण हाताचं. ७५ सेंमी खोल टाकीत वाळूवरचा दगड हलवायचा म्हणजे खांदा पाण्यात. आणि तिसरं कारण मासे. मला जिओफॅगस या दक्षिण अमेरिकेतल्या माशांचा कळप ठेवायचाय. ते दिवसभर तळाशी वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांवाटे गाळत असतात. त्यांना वरचे १० सेंमी काय कामाचे? तळाची जागा आणि वळायला रुंदी हवी. सोबत तिकडचेच सेव्हरम आणि प्लेको मासे. क्लाउन लोच मासा घ्या असा आग्रह झाला, पण तो आग्नेय आशियातला, शिवाय ३० सेंमीपर्यंत वाढणारा. दक्षिण अमेरिकेच्या नदीत त्याला पाहुणा म्हणूनही बोलावणार नाही.

काच १९ मिमीची, साधी, टफन (तापवून कडक) केलेली नाही. टफन काचेला नंतर भोक पाडता येत नाही, आणि फुटली तर तडा जाऊन थांबत नाही, अख्खीचे तुकडे होऊन खाली येते. समोरची काच कमी लोहाची घेतली. साध्या काचेची हिरवट झाक या जाडीला फारच डोळ्यांत भरते. वरून चारही बाजूंना काचेच्या पट्ट्या आणि मध्ये दोन आडव्या.

आता वजन. पाणी १,२०० किलो, काच ३०० च्या थोडी वर, ५ सेंमी वाळू दीडशेच्या पुढे, मग दगड, लाकूड, स्टँड आणि खालचा सम्प, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी. बेरीज दोन टनांच्या पलीकडे, तीही जेमतेम सव्वादोन चौरस मीटरवर. घरांच्या मजल्यांचा हिशेब बहुतेक ठिकाणी चौरस मीटरला १५० ते २०० किलोंचा असतो. तो पूर्ण खोलीचा पसरलेला भार, त्यामुळे थेट तुलना होत नाही, पण वरच्या मजल्यावर असा बेत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टेप काढू नका. माझी टाकी तळमजल्यावर, जमिनीवरच्या काँक्रीटवर. तरीही तिथली प्रत्येक लादी वाजवून पाहिली. पोकळ आवाजाच्या लाद्या काढून खाली भरून घेणार आहे.

स्टँड चौकोनी पोलादी नळ्यांचा, वर मरीन प्लाय, त्यावर फोमची शीट. गवंड्याच्या पारदर्शक नळीने चारही कोपरे एका पातळीत आणायचे. पाचर लावायची तर स्टँडच्या पायांखाली. टाकी आणि स्टँडच्या मध्ये कधीच नाही.

सर्वांत जास्त डोकं सम्पने खाल्लं. टाकीतलं जादा पाणी ओव्हरफ्लोच्या काठावरून सम्पमध्ये उतरतं आणि रिटर्न पंप ते परत वर चढवतो. वीज गेली की हा पंप थांबतो आणि ओव्हरफ्लोच्या काठावरचं सगळं पाणी खाली येतं. टाकीत फक्त २ सेंमी पाणी उतरलं तरी ते ४० लिटर होतं. त्यात पाइपांमधलं पाणी वेगळं. १५० × ६० × ५० चा सम्प ३० सेंमीपर्यंतच भरायचा, म्हणजे वर १८० लिटरची जागा मोकळी. ओव्हरफ्लो तीन पाइपांचा: एक पूर्ण भरून वाहणारा सायफन, एक थोडं उरलेलं पाणी नेणारा, तिसरा कोरडा, निव्वळ संकटासाठी. सायफनवर गेट व्हॉल्व्हच हवा. बॉल व्हॉल्व्हने प्रवाह बारीक जुळवणं म्हणजे फावड्याने मीठ वाढणं.

रिटर्न पंप दोन, मध्यम ताकदीचे. एक बंद पडला तरी फिल्टरला पाणी मिळत राहील. हाच न्याय हीटरला. ३०० वॉटचे तीन, तापमान पाहून त्यांना चालू-बंद करणाऱ्या बाहेरच्या कंट्रोलरवर. सगळं मिळून १,५०० लिटर धरलं तर तिन्ही मिळून तासाला अर्धा अंश तापवतात. १,००० वॉटचा एकच हीटर चालू अवस्थेत अडकला, तर ८ तासांत तापमान साडेचार अंशांनी चढू शकतं. ३०० वॉटचा एक अडकला तर सव्वा अंशाच्या आसपास, तेही उष्णता बाहेर जातच नाही असं धरून. मासे शिजण्याआधी निदान आपल्याला जाग येईल.

विजेचं थोडक्यात: आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत जाऊ नये म्हणून प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोल, आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीवरचा एअर पंप.

पाणी बदलण्याचं अजून नक्की नाही. ३० टक्के म्हणजे साडेचारशे लिटर; बादल्यांचा प्रश्नच येत नाही. सम्पला ड्रेनचं भोक ठेवलंय. नवं पाणी ड्रममध्ये मुरवून पंपाने चढवायचं, की कार्बन फिल्टरमधून थेंबथेंब सतत सोडायचं? नळाच्या पाण्यात नुसतं क्लोरीन असेल तर हवा मारून जातं, क्लोरामाइन तसं जात नाही, म्हणून आधी पाण्याची तपासणी. कुणी थेंबथेंब पद्धत मोठ्या टाकीवर चालवत असेल, तर कार्बन किती दिवसांनी बदलता ते सांगा.

काच येईपर्यंत जुन्या टाकीच्या फिल्टरमध्ये नव्या सम्पचा मीडिया (फिल्टरमधला भराव) घालून ठेवलाय, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यावर आधीच बसतील. टाकी चिकटवून सिलिकॉन पूर्ण वाळलं की गळती तपासायची: आधी पाव भरून एक रात्र, मग अर्धी, मग काठापर्यंत. तोवर पाइपांचं कटिंग.