अबेओकुटा ते ओशोग्बो : आदिरेच्या निळीचा माग

लागोसहून अबेओकुटाला जायला २०२१ पासून नवी रेल्वे आहे, त्यामुळे महामार्गावरची कोंडी टाळून या शहरात निवांतपणे पोहोचता येते. इथे येणारे बहुतेक पाहुणे आधी ओलुमोचा प्रचंड खडक चढतात. मी थेट इतोकूच्या बाजारात गेले, कारण नायजेरियाच्या या नैर्ऋत्य भागात योरुबा समाजातल्या स्त्रियांनी गाठी बांधून किंवा खळ लावून निळीत रंगवलेले ‘आदिरे’ कापड पाहणे, हाच माझ्या प्रवासाचा हेतू होता.

इतोकूच्या गल्ल्यांत दुतर्फा कापडाचे ठेलेच ठेले आहेत. जांभळी, केशरी, पोपटी अशी अनेक रंगांची कापडे तिथे टांगलेली असतात, आणि त्यांतली बरीचशी मेण लावून रासायनिक रंगांत बुडवलेली असतात. काही तर हाताने केलेलीही नसतात. आदिरेची नक्षी यंत्रावर छापून ती परदेशातून आणलेली असतात. जुन्या पद्धतीचे निळे आदिरे हवे असेल, तर तसे स्पष्ट सांगून ते मागावे लागते. एका वयस्क विक्रेतीने माझा आग्रह पाहून आतल्या गाठोड्यातून एक घडी बाहेर काढली आणि ती उलटीसुलटी करून मला दाखवली. एका बाजूला गडद निळ्यावर फिकट नक्षी होती, तर मागची बाजू जवळजवळ सपाट निळी होती. खळ लावून केलेल्या आदिरेची ही खूण मला फार उपयोगी वाटली, कारण खळ कापडाच्या एकाच अंगाला लावलेली असते.

या खळीच्या आदिरेला ‘एलेको’ म्हणतात. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याच कसाव्याच्या पिठात तुरटी आणि मोरचूद घालून ही खळ शिजवतात. कोंबडीच्या पिसाने ती कापडावर रेखली जाते, आणि जिथे खळ बसते तिथे नीळ पोहोचत नाही. हाताने रेखण्याचे काम स्त्रियांचे. पत्र्याचे साचे कापून त्यांतून खळ दाबणारे बहुधा पुरुष असत. ‘ओनिको’ हा प्रकार अधिक जुना असून त्यात राफिया ताडाच्या धाग्यांनी कापड गाठी मारून बांधतात. आपल्या बांधणीशी त्याचे नाते चटकन ध्यानात येते. एलेको मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी, गिरणीचे गुळगुळीत कापड मुबलक मिळू लागल्यावर बहरला, कारण हातमागाच्या जाड पोतावर पिसाची बारीक रेघ उमटत नाही. बाहेरून आलेल्या कापडावर इथल्या स्त्रियांनी आपली चित्रभाषा उभी केली, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. ‘इबादानदुन’ या नक्षीत इबादान शहराच्या मापो सभागृहाचे खांब दिसतात, तर ‘ओलोबा’ नक्षीत राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या १९३५च्या रौप्यमहोत्सवी चित्रावरून घेतलेल्या आकृती दिसतात.

वनस्पतीजन्य नीळ प्रत्यक्ष पाहण्यासाठी मी इबादानमार्गे ओशोग्बोला गेले. आदिरे कलावंत निके डेव्हिस-ओकुंडाये यांनी १९८३ मध्ये इथे स्थापन केलेल्या केंद्रात तरुण मुलामुलींना ही कला शिकवली जाते. निके स्वतः आपल्या पणजीकडून ती शिकल्या.

ही नीळ ‘एलू’ नावाच्या वेलीच्या कोवळ्या पानांची. पाने कुटून त्यांचे गोळे वळतात आणि उन्हात वाळवतात. दुसरीकडे, तळाला भोके असलेल्या मडक्यात लाकडाची राख भरून तिच्यातून पाणी झिरपवतात, आणि खालच्या मडक्यात साठलेल्या त्या क्षारयुक्त, बोटांना बुळबुळीत लागणाऱ्या पाण्यात गोळे भिजत घालतात. पुढचे काही दिवस ते आंबत राहतात, आणि त्या रांजणाजवळ उभे राहणे नवख्या माणसाला कठीण जाते. तो वास मात्र रंगारणीला रांजणाची प्रकृती सांगत असतो. नीळ पाण्यात विरघळत नाही. आंबवणाऱ्या जिवाणूंमुळे तिचे रूप पालटते, तेव्हाच ती विरघळून धाग्यात शिरू शकते. म्हणून कापड रांजणातून वर येते तेव्हा ते हिरवट-पिवळे असते, आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळे होऊ लागते. पुन्हा बुडवायचे, पुन्हा वाऱ्यावर धरायचे, असे कित्येकदा केल्यावर जवळजवळ काळी वाटणारी गर्द छटा मिळते. शेवटी वाळलेली खळ खरवडून काढतात, आणि लाकडी मोगरीने कुटून कापडाला झळाळी आणतात.

रंगारिणींची देवता इया मापो. कुंभारकाम आणि रंगकाम अशा स्त्रियांच्या कलांची ती रक्षणकर्ती आहे. ओशुन नदीकाठच्या देवराईत ऑस्ट्रियात जन्मलेल्या कलाकार सुझान वेंगर आणि स्थानिक कारागिरांनी उभारलेल्या शिल्पांत तिचेही शिल्प आहे, आणि २००५ मध्ये ही देवराई जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. ओशोग्बोला जाणाऱ्याने केंद्र आणि देवराई ही दोन्ही ठिकाणे पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

रासायनिक नीळ आणि कॉस्टिक सोडा यांचा वाद आजचा नाही. त्यांनी वेळ आणि श्रम वाचतात म्हणून अबेओकुटाच्या रंगारिणींनी ती जवळ केली, तेव्हा १९३०च्या दशकात स्थानिक सत्तेने त्यांवर बंदी घातली आणि स्त्रियांनी तिला जोरदार विरोध केला. त्यामुळे इतोकूत रासायनिक रंग वापरणाऱ्या कारागिणींना दोष देण्याची मला इच्छा होत नाही. त्यांचा हात, त्यांची नक्षी अस्सलच आहे. माझी तक्रार आहे ती यंत्रावर छापून आदिरेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाविषयी, कारण तो कारागिणीची मजुरी हिरावून घेतो. खरेदी करताना कापडाची मागची बाजू पाहावी, रेघेतला हाताचा कंप शोधावा, आणि नीळ एलूची आहे का, हे विक्रेतीला विचारावे. एलूची असेल तर किंमत बरीच जास्त सांगितली जाईल, आणि तो रांजण पाहिलेल्या माणसाला ती जास्त वाटणार नाही. मी दोन तुकडे जोडून शिवलेले एक पूर्ण लुगडे घेतले. ते सुरुवातीला निळे पाणी सोडते, म्हणून वेगळे धुवावे आणि सावलीत वाळवावे, असे विकणाऱ्या आजींनी दोनदा बजावले.