वर्गणीच्या वहीतली मागची पानं

गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी सोलापुरातल्या आमच्या गल्लीच्या मंडळात एक संध्याकाळ राखून ठेवलेली असायची, संगीत खुर्ची आणि रांगोळी स्पर्धेइतकीच पक्की. आरती झाली की मांडवात सतरंज्या पडायच्या, माईक लागायचा आणि वर्षभरात ज्यानं जे पुस्तक वाचलं किंवा जो पिक्चर बघितला त्यावर त्यानं उठून बोलायचं. गोष्ट सांगायची नाही, काय आवडलं आणि काय खटकलं तेवढंच, असा मास्तरांचा नियम होता पण तो कोण पाळणार, आमच्याकडे पिक्चर सांगायचा म्हणजे पहिल्या सीनपासून हाणामारीच्या आवाजासकट सांगायचा.

नव्वदच्या दशकातलं सांगतेय मी. पुस्तकं यायची हिराचंद नेमचंद वाचनालयातून, एक आणलं की चार घरं फिरायचं, आणि पिक्चर म्हणजे भागवत टॉकीज. गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळंच बोललं जायचं त्यामुळे बोलणारा मराठीत सुरू करायचा आणि रंगात आला की आपल्या घरच्या भाषेत घुसायचा, आणि तरी सगळ्यांना कळायचं.

मला सगळ्यात जास्त आठवते ती आमच्या शेजारची अक्का. ती विड्या वळायची. दिवसाला हजार विड्या झाल्याच पाहिजेत म्हणून मांडवातसुद्धा मांडीवर सूप घेऊन बसायची, पान कापलेलं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायची, बघायची पण नाही हाताकडे. तिला वाचता यायचं नाही. तिची पोरगी संध्याकाळी तिच्यासमोर बसून मोठ्यानं वाचायची, अशा दोघींनी मिळून एक जाडजूड कादंबरी संपवली होती. अक्काच्या हातात माईक दिला तर ती म्हणाली, पुस्तक चांगलं आहे पण ती बाई रात्री घर सोडून निघाली ना, दोन दिवस चालूलालीय, लेकरू कडेवर, मग जेवली कुठं? लिहिणाऱ्यानं एकदा तरी भाकरी द्यायची की तिला. मांडव एकदम गप्प झाला. तीच कादंबरी मी दोनदा वाचलेली, मला भाषा आवडली, शेवट आवडला, पण ती बाई उपाशी आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून आजपर्यंत मी काहीही वाचलं तरी त्यातली माणसं जेवली का हे बघते, खरंच बघते.

एका वर्षी मंडळानं कलर टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणून 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' लावला. १९४६ चा पिक्चर, शांताराम बापूंचा, आणि चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेलेले हे डॉक्टर आपल्या सोलापूरचे, त्यामुळे गल्ली सोडा, शेजारच्या पेठेतनं लोक आले. मध्ये लाईट गेली, पाऊण तास कुणी जागचं हललं नाही, चुरमुऱ्यांचा सुशीला केलेला होता तो अंधारातच वाटला. पिक्चर संपल्यावर रात्री बारापर्यंत चर्चा. एक पोरगी म्हणाली, चिनी बायकोचं काम जयश्रीबाईंनी केलंय, छान केलंय पण त्या आपल्यातल्याच वाटतात. मिलमधले एक काका उठले, म्हणाले १९३८ ला पाच डॉक्टर गेले चीनला, चौघं परत आले, आपलाच तेवढा आला नाही, आणि बसले, पुढं बोलताच येईना त्यांना. मग एका आजींनी विचारलं, वय काय होतं हो पोराचं? मास्तर म्हणाले, जन्म १९१० चा, गेले डिसेंबर १९४२ ला, ३२ वर्षांचे. आजी म्हणाल्या, म्हणजे माझ्या धाकट्यापेक्षा लहानच की. आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, पिक्चरमध्ये सगळं हिंदीत बोलतोय तो, पण तिकडं एवढ्या लांब आजारी पडल्यावर आईला हाक मराठीतच मारली असेल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही चौघी भैय्या चौकात त्यांचं घर बघायला चालत गेलो. बाहेरनंच बघितलं.

कोण काय बोललं ते मास्तर वर्गणीच्या वहीत मागच्या पानांवरून लिहायचे. पुढनं अकरा रुपये, एकवीस रुपये, आणि मागनं ही मतं, प्रत्येकाची दोन-तीन ओळींत. मागच्या गणपतीत मी गल्लीत गेले तेव्हा मंडळाच्या कपाटात त्यातली एक वही सापडली, कडा कुरतडलेली पण अक्षर शाबूत. अक्काचं पान काढून तिच्या पोरीला दाखवलं, ती आता स्वतः शाळेत शिकवते. तिनं ते मोठ्यानं वाचलं, तसंच, आईला वाचून दाखवायची तसं, एकेक शब्द सुटा करून. "पुस्तक चांगले. बाईस जेवण नाही."

यंदा आम्ही दोघींनी ती संध्याकाळ परत लावायची ठरवलीय. मांडवाची परवानगी झाली, माईकचं बघतोय. सतरंज्या माझ्याकडं आहेत.