झाकून ठेवलेले ताट

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी लेथवर कामाला लागलो, तेव्हा गावाहून रोज ये-जा करणे शक्य नव्हते. आमचे गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे जंगलाच्या अंगाला. शेवटची बस संध्याकाळी जाते, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढले की तीही येत नाही. दुसरी पाळी तर रात्री 11 वाजता सुटे. म्हणून मजगावात एका कौलारू घराच्या मागची खोली भाड्याने घेतली आणि तिथे आम्ही चौघे पाच वर्षे एकत्र राहिलो. कारखाना एकच होता, खाती वेगळी होती. चंदगडकडचा एक जण माझ्यासारखाच मशीनवर होता, निपाणीचा स्टोअरमध्ये होता, आणि आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, विजापूरकडचे कन्नड गृहस्थ फौंड्रीत, म्हणजे ओतशाळेत, साचे करणारे मोल्डर होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू.

सुरुवातीला आम्ही खानावळीत जेवत होतो. पण खानावळ रात्री 10 ला बंद होई आणि आमची पाळी त्यानंतर तासाने सुटे. वितळलेल्या लोखंडाची भट्टी चौदाशे अंशांच्या आसपास तापलेली असते. तिच्याजवळ आठ तास काढलेल्या माणसाने रात्री वडापाव खाऊन झोपणे अण्णांना मान्य नव्हते. खोलीवर स्वयंपाक करण्याचा विचार त्यांनीच मांडला. पत्त्याचा पुरावा मागितला जात नाही म्हणून 5 किलोचा सिलिंडर घेतला. तो चौघांना बारा-तेरा दिवस जाई. नळाला काही दिवसांआड पाणी येई, त्यामुळे राकसकोप जलाशयाचे ते पाणी ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी जो खोलीवर असेल त्याने पिंप भरून ठेवायचे, हा आमचा पहिला नियम ठरला.

भांडण मात्र पाण्यावरून झाले नाही, ते हिशोबावरून झाले. आम्ही खर्चाची वही घातली होती आणि त्यात प्रत्येकाचे खाडे लिहीत होतो. चंदगडचा दर आठवड्याला घरी जाई, म्हणून त्याचे खाडे सर्वांत जास्त पडत, परंतु येताना तो घरचा तांदूळ आणि रताळी घेऊन येई. त्याच्या तांदळाला बाजारभाव लावायचा की नाही, यावर निपाणीच्याचे आणि त्याचे दोन दिवस बोलणे बंद होते. शेवटी अण्णांनी असे ठरवले की विकत आणलेली वस्तू वहीत येईल, घरून आलेली वस्तू वहीत येणार नाही. पाच वर्षांत आमच्या खोलीत याहून शहाणपणाचा निर्णय झाला नाही असे माझे मत आहे. त्यानंतर निपाणीच्याच्या आईने पाठवलेले संकेश्वरी मिरचीचे तिखट, माझ्याकडची आमसुले आणि पावसाळ्यातली अळंबी, अण्णांच्या घरच्या कडक रोट्ट्या आणि पंचमीच्या उंड्या, म्हणजे लाडू, यांचा कोणी कधी भाव काढला नाही. एक महिना कोणाकडून काही आले नाही, तरी त्याबद्दलही कोणी बोलले नाही.

भाकरी हा अण्णांच्या अधिकाराचा विषय होता. आम्हा खानापूर-चंदगडकडच्या माणसांना भात नसला तर जेवल्यासारखे वाटत नाही, त्यामुळे ज्वारीची भाकरी इतक्या जवळून मी तिथेच पाहिली. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते पाणी आधी खळखळून उकळत, परातीत पिठाचे आळे करून त्यात ओतत, उलथन्याने कालवत आणि हाताला सोसेल इतके निवले की तळव्याच्या टाचेने मळायला बसत. मोल्डर लोक साच्याची वाळू मुठीत दाबतात आणि मूठ उघडून तिची ओल पारखतात. अण्णा पिठाचा गोळाही तसाच मुठीत दाबून पाहत आणि मान हलवून पुन्हा मळत. दळण जुने झाले की पिठाची विरी जाते आणि भाकरी कडेने चिरते, म्हणून आठवड्यापुरतेच दळण आणायचे असा त्यांचा दंडक होता. भाकरी तव्यावर पडली की तिच्या वरच्या अंगाला ते ओले फडके फिरवत, ते पाणी सुकायच्या आत ती उलटत, आणि मग आचेवर टाकलेली भाकरी टम्म फुगली की माझ्याकडे पाहत. मला तशी भाकरी जमायला दीड वर्ष लागले. तोपर्यंतच्या माझ्या जाड, कडेला फाटलेल्या भाकऱ्या त्यांनी एकदाही ताटातून परत टाकल्या नाहीत.

अण्णा शाकाहारी होते आणि आम्हा तिघांना मासळी-मटण लागत असे. त्यासाठी वेगळी कढई आणि वेगळा तवा घेतला, त्या भांड्यांच्या कानाला लाल दोरा बांधला, आणि घरमालकीण मावशींच्या परवानगीने मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली. सुकट भाजायची झाली तर ती अण्णा पाळीवर असताना, एवढे पथ्य चंदगडच्याने स्वतःहून पाळले.

चौघांच्या पाळ्या फिरत्या असल्याने एकत्र पंगत आठवड्यातून एखाद्या वेळीच होई. म्हणून खोलीचा खरा नियम ताट झाकून ठेवण्याचा होता. ज्याने स्वयंपाक केला त्याने स्वतः बसण्यापूर्वी बाहेर असलेल्याचे ताट वाढून, वर दुसरे ताट पालथे घालून ठेवायचे. उरलेले त्याला, असे कधी करायचे नाही. भाजी कमी पडली तर ती घरात असलेल्याला कमी पडायची.

1956 साली 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्या दिवशी कन्नड लोक राज्योत्सव साजरा करतात आणि इथले मराठी लोक काळा दिन पाळून मूक सायकल फेरी काढतात. कारखान्याला सुट्टी असते. एका वर्षी मी सकाळी फेरीला गेलो आणि अण्णा चन्नम्मा चौकात मिरवणूक पाहायला गेले. निघताना आम्ही दोघांनीही एकमेकांना कुठे जातो ते सांगितले नाही, आणि पाच वर्षांत एवढ्याच एका दिवशी मला त्या खोलीत परके वाटले. फेरीनंतर मी शहापुरात मामांकडे रेंगाळलो आणि रात्री उशिरा परतलो. अण्णा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते.

“ऊट आतेनु?” जेवण झाले का, असे त्यांनी न वळताच कन्नडमध्ये विचारले.

“नाही, अण्णा.”

“ताट झाकलंय बघ.”

वरचे ताट उचलले तर दोन भाकऱ्या, भरल्या वांग्याची भाजी, शेंगाचटणी, आणि कडेला भाताची मूद होती. रात्री अण्णा भात खात नसत, आणि बाकीचे दोघे त्या दिवशी गावी गेले होते. तेवढा भात त्यांनी माझ्यासाठी वेगळा लावला होता. मी जेवलो, ताट घासले आणि दिवा मालवला.

पुढे निपाणीचा पुण्याला गेला, माझे लग्न ठरले आणि खोली मोडली. भांडी वाटून घेताना वही उघडावी लागली नाही. कुकर चंदगडच्याने घेतला, शेगडी निपाणीच्याने. अण्णांनी परात माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाले, त्यांच्या घरी परातींना तोटा नाही. तिच्या कडेला एक पोचा आहे, तो माझ्या पहिल्या वर्षातला, गरम पाण्याचे पातेले हातातून सुटले तेव्हाचा. आमच्या घरी आता रोजची कणीक तिच्यातच मळली जाते, आणि ज्वारीचे दळण आले की पीठ मी मळतो.