कुंडलिकेत मुळेचं पाणी

परवा ऑफिसच्या गँगबरोबर कोलाडला राफ्टिंगला गेलो होतो. पहाटे उठवून नदीकाठी आणून बसवलं आणि मग नुसती वाट बघा, कारण काय तर "पाणी यायचंय अजून". मला वाटलं गाईड टाइमपास करतोय. समोर कुंडलिकेत गुडघाभर पाणी आणि गोटेच गोटे. मग एकेक गोटा बुडायला लागला आणि बघता बघता नदीला चक्क जोर आला, आभाळात ढगाचा पत्ता नाही!

गाईड म्हणाला, भिऱ्याच्या वीजकेंद्राचं पाणी आहे, वर वीज काढली की खाली सोडतात. आणि भिऱ्याला येतं कुठून तर आमच्या मुळशीतून. म्हणजे जी मुळा पुण्याकडे यायची, तिला धरण बांधून अडवलं आणि डोंगरातून बोगदा काढून पाइपांमधून पाचेकशे मीटर खाली कोकणात सोडलं, बंगालच्या उपसागरात जाणारं पाणी अरबी समुद्रात! खोपोली १९१५चं, भिवपुरी १९२२चं आणि भिरा १९२७चं, तिन्ही वीजकेंद्रं टाटांची, वीज सगळी मुंबईला. त्या काळात हे जमवलं म्हणजे कमालच, मी स्वतः इंजिनियर आहे म्हणून जरा जास्तच भारावलो.

पण घरी येऊन वाचत बसलो आणि जरा ओशाळलोच. मी रोज पुण्यातल्या एसबी रोडवरून, म्हणजे सेनापती बापट रोडवरून ऑफिसला जातो, आणि बापटांना 'सेनापती' लोक म्हणायला लागले ते याच मुळशीच्या सत्याग्रहामुळे, हे डोक्यातच नव्हतं. १९२१च्या रामनवमीला मावळातले शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले, घोषणा 'जान किंवा जमीन'. आणि गंमत (कसली गंमत म्हणा) म्हणजे बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे होत्या, ते म्हणाले मोबदला मिळतोय ना, घ्या की. कसणाऱ्याला पैसे नको होते, त्याला खाचर हवं होतं. तीनेक वर्षं लढले, तुरुंगात गेले, धरण व्हायचं ते झालंच.

येताना ताम्हिणीतून आलो, मुळशीच्या काठावर भजी खायला थांबलो, सगळे फोटो काढत होते. शेजारच्या टपरीवर आंबेमोहोर होता, दोन किलो घेतला. रात्री आईने लावला तर गिच्च गोळा झाला, म्हणे पाणी जास्त पडलं.