खानदेशातल्या साइटवर बिम आणायचं तर सुरुवात सनकनपासून

बिम म्हणजे सगळ्या ड्रॉइंगचं मिळून कॉम्प्युटरवर उभं केलेलं इमारतीचं त्रिमितीय मॉडेल. ते कशाला लागतं हे सनकनवरून, म्हणजे पाइपसाठी खाली उतरवलेल्या संडासाच्या स्लॅबवरून, बघू. संडासाचा सनकन नऊ इंची ठेवायचा, हे आपल्याकडे कुणी न विचारताच ठरलेलं असतं. नऊ इंच म्हणजे २३० मिमी. त्यात काय काय बसवायचं आहे ते एकदा कागदावर मांडून बघा. तळाला वॉटरप्रूफिंगचा थर २५. त्यावर ११० ची पाइपलाइन. कमोडपासून डक्टपर्यंत (पाइप खाली नेण्याच्या उभ्या पोकळीपर्यंत) अडीच मीटर अंतर असेल, तर ५० ला १ या उतारानं आणखी ५०. वर मसाला धरून फरशीचे ५०. बेरीज २३५ होते, म्हणजे पाच मिमी कमी पडले. प्लंबर ते पाच मिमी उतारातून कापतो, कारण फरशीची लेव्हल त्याच्या हातात नसते आणि स्लॅब तर कधीच पडलेला असतो.

बरं, सनकन ३०० केला तर? मग बीम आडवा येतो. डक्टच्या बाजूला २३० बाय ४५० चा बीम असतो आणि त्याचा माथा नेहमीच्या स्लॅबच्या लेव्हलला असतो. पाइप त्या माथ्यापासून १६५ ते २७५ मिमी खाली, म्हणजे बरोबर बीमच्या पोटातून जातो. ११० च्या पाइपला १६० चा स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी काँक्रीटआधीच बसवलेली नळी) टाकायचा म्हटलं, तर ते भोक बीमच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून मोठं होतं. कोणताही आरसीसी डिझायनर त्याला सहज होकार देणार नाही. आणि स्लीव्ह टाकायचाच राहिला, तर नंतर कोअर कटिंग, त्यात कापल्या जाणाऱ्या रिंगा आणि कधी कधी मेन सळईसुद्धा.

उपाय साधा आहे. तो बीम सनकन स्लॅबच्या लेव्हलला खाली उतरवायचा, म्हणजे पाइप बीमच्या वरून विटांच्या भिंतीतून डक्टमध्ये जातो. मात्र बीम ३०० नं खाली आला की त्याचा तळ माथ्याच्या लेव्हलपासून ७५० वर येतो. मजल्याची उंची ३ मीटर धरली तर खालच्या संडासात फरशीपासून २२०० मिमी मोकळे राहतात. व्हेंटिलेटरचा माथा सात फुटांवर असेल तर जेमतेम अडीच इंच शिल्लक. बसतं, पण व्हेंटिलेटर साडेसात फुटांवर घेतलेला असेल तर बसत नाही.

या चार ओळींच्या हिशोबासाठी आर्किटेक्टचं ड्रॉइंग, आरसीसीचं ड्रॉइंग आणि प्लंबिंगचं ड्रॉइंग एकत्र बघावं लागतं. आपल्याकडे पहिलं जळगावात किंवा धुळ्यात तयार होतं, दुसरं बऱ्याचदा नाशिकहून किंवा पुण्याहून येतं आणि तिसरं कित्येक इमारतींना नसतंच. बिमचं खरं काम हे तिन्ही एका जागी आणण्याचं आहे. एलेव्हेशनचा रंगीत फोटो हे त्याचं काम नाही, तो इतर सॉफ्टवेअरमधूनही मिळतो. (साइटवर ‘बिम’ म्हटलं की मिस्त्रीला कॉलमवरचा बीमच ऐकू येतो, म्हणून पुढे मी सरळ मॉडेल म्हणतो.)

पहिल्या इमारतीसाठी माझा आग्रह आहे की मॉडेलमध्ये फक्त आरसीसी, भिंती आणि संडास-बाथरूम-डक्ट एवढंच घ्या. फर्निचर, रेलिंग, झाडं काही नको. एलओडीच्या, म्हणजे मॉडेलमधल्या तपशिलाच्या पातळीच्या, भाषेत बोलायचं तर सगळी इमारत ३०० ला आणि सनकन व डक्ट तेवढे ३५० ला. पार्किंग अधिक चार मजल्यांना याहून जास्त तपशील भरला, तर मॉडेल साइटच्या मागे पडतं आणि मागे पडलेलं मॉडेल कुणी उघडत नाही.

सर्वांत आधी लेव्हल. प्रत्येक मजल्याला दोन लेव्हल ठेवा, एक स्लॅबच्या माथ्याची आणि एक तयार फरशीची. दोन्हीत ५० चा फरक. कॉलम, बीम, स्लॅब पहिल्या लेव्हलला बांधायचे, दारं-खिडक्या दुसऱ्या. हे गोंधळलं तर लिंटेल (दार-खिडकीवरची काँक्रीटची पट्टी) प्रत्येक मजल्यावर ५० मिमीनं चुकतं आणि ते पहिल्या मजल्याचं बांधकाम उभं राहिल्यावरच कळतं.

त्यानंतर एकक. आर्किटेक्ट फूट-इंचात, आरसीसीवाला मिमीत. नऊ इंच म्हणजे नेमके २२८.६, आरसीसीच्या कागदावर २३०. एका भिंतीला १.४ चा फरक, पण ओळीत दहा भिंती आल्या की १४ मिमी, आणि ग्रिड जुळत नाही. सगळं मॉडेल मिमीत ठेवा आणि भिंत २३० च धरा. फक्त साइटच्या शीटवर दुसरं माप फूट-इंचात छापा, कारण गवंड्याची पट्टी त्याच मापाची आहे.

प्लॉटच्या मोजणीचा नकाशा जीपीएसवर घेतलेला असेल तर आणखी एक खड्डा आहे. जळगाव, धुळे यूटीएम या नकाशाच्या मीटरमधल्या मापपद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येतात. जळगावचं ईस्टिंग (पूर्वेकडचं माप) साडेपाच लाख मीटरच्या पुढे आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचं) तेवीस लाखांच्या पुढे. ही डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) तशीच्या तशी रेव्हिट या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ बिंदूला आणली, तर भूमिती मूळ बिंदूपासून १६ किलोमीटरच्या मर्यादेबाहेर जाते. मग रेषा थरथरतात, हॅच तुटतो, मापं अविश्वसनीय होतात. प्लॉटचा एक कोपरा मूळ बिंदूजवळ आणून ठेवा आणि खरे कोऑर्डिनेट रेव्हिटमधल्या सर्व्हे पॉइंटला द्या.

आता काँक्रीट, कारण ठेकेदार मॉडेलवर विश्वास ठेवेल तो इथेच, आणि ठेवणार नाही तोही इथेच. स्लॅब १२५ चा, बीम २३० बाय ४५० चा, लांबी साडेतीन मीटर. बीमचं पूर्ण घनफळ ०.३६२ घनमीटर. पण वरचे १२५ मिमी स्लॅबनं आधीच मोजलेले आहेत. दोन्ही घटक नीट जोडलेले नसतील तर ०.२३ गुणिले ०.१२५ गुणिले ३.५, म्हणजे ०.१ घनमीटर प्रत्येक बीममागे दोनदा मोजलं जातं. वीस बीमना २ घनमीटर. सहा घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरचा हा तिसरा हिस्सा. बांधकामाच्या मोजमापाचं मानक असलेल्या आयएस १२०० प्रमाणे बीमची उंची स्लॅबच्या तळापासून खाली मोजतात, म्हणून जोडताना स्लॅबनं बीमला कापलं पाहिजे, उलट नव्हे. शेड्यूल, म्हणजे मॉडेलमधून निघणारा मापांचा तक्ता, काढल्यावर एका बीमचं घनफळ हातानं ताडून बघा. या उदाहरणात ते ०.२६ यायला हवं. भिंतींचंही तेच आहे. भिंत बीमच्या तळाशी थांबवली नाही तर विटा फुगतात.

शेड्यूल घनमीटरमध्ये येतं. ते तसंच साइटवर पाठवू नका. खोदाई, मुरूम, खडी, वाळू हे सगळं आपल्याकडे ब्रासमध्ये चालतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. शेड्यूलमध्येच एक जादा रकाना करून घनफळाला २.८३ नं भागा. एवढ्या एका रकान्यानं ठेकेदार कागद वाचायला लागतो.

फुटिंगसाठी खानदेशात मॉडेल वेगळं वागवावं लागतं. तापी-गिरणेच्या काठाला गाळ आणि काळी माती खोल आहे, सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या बाजूला खडक लवकर लागतो, आणि कधी एकाच प्लॉटच्या दोन टोकांना मुरूम वेगळ्या खोलीवर सापडतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर फुटिंग टेकवता येत नाही. त्यामुळे ड्रॉइंगवर १.८ मीटर लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात २.४ ला जावं लागतं. मॉडेलमध्ये प्रत्येक फुटिंगला खोलीचं स्वतंत्र माप ठेवा आणि खड्डा तपासून झाला की त्याच दिवशी खरा आकडा भरा. ६०० मिमी जादा गेलं तर २३० बाय ४५० च्या एका कॉलमला ०.०६ घनमीटर काँक्रीट वाढतं. १६ च्या आठ सळया असतील तर लोखंड साडेसात किलो, शिवाय १५० च्या अंतरानं चार रिंगा. वीस कॉलमना १.२४ घनमीटर काँक्रीट आणि १५२ किलो लोखंड, रिंगा सोडून. १.८ बाय १.८ चे खड्डे धरले तर खोदाई जवळपास पावणेचौदा ब्रास. हाच जादा कामाचा आकडा शेवटी मालक आणि ठेकेदार यांच्यात भांडण लावतो. खड्डा भरण्याआधी तो मॉडेलमध्ये चढला असेल तर दोघांपुढे एकच कागद असतो.

लोखंडाच्या बाबतीत माझं मत अनेकांना पटणार नाही, पण पहिल्या इमारतीत सगळी सळई मॉडेलमध्ये घालू नका. बीबीएस (सळयांच्या लांबी-वजनाचा तक्ता) एक्सेलमध्ये उत्तम चालतं. १२ ची सळई मीटरला ०.८८८ किलो, १६ ची १.५८, हे फिटरला पाठ आहे. मॉडेलमध्ये घ्यायचे ते फक्त गर्दीचे जोड, जिथे दोन दिशांचे बीम एका २३० च्या कॉलमवर येतात. एम २५ काँक्रीट आणि ५०० ग्रेडच्या सळईला डेव्हलपमेंट लेंथ (पकड बसायला काँक्रीटमध्ये लागणारी सळईची लांबी) जवळपास ४९ पट व्यास लागते, म्हणजे १६ ला ७८० मिमीच्या आसपास. ती लांबी त्या जोडात वाकवून बसते का, आणि बसल्यावर व्हायब्रेटरची सुई आत जाते का, एवढंच बघायचं. सुई जात नसेल तर हनीकोम्ब, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या, ठरलेला.

परवानगीच्या कामाला मॉडेल थेट उपयोगी पडत नाही. डिसेंबर २०२० पासूनच्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे ऑनलाइन प्रस्ताव जातो, पण त्याला ठरावीक लेयरमधली द्विमितीय डीडब्ल्यूजी लागते. एक्स्पोर्टचा लेयर-तक्ता एकदा नीट बसवून ठेवा. महारेराच्या कार्पेट एरियासाठी रूमच्या क्षेत्रफळावर विसंबू नका. कायद्यात घराच्या आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. रूम मात्र भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापर्यंतच मोजते. वेगळा एरिया प्लॅन करून सीमारेषा स्वतः काढाव्या लागतात.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवण्यासारखं नाही. रेव्हिट, आर्किकॅड, किंवा पैसे नसतील तर ब्लेंडरवर चालणारं बोनसाय, काहीही चालेल. दोन गोष्टी पाळा. रेव्हिटची फाइल नव्या आवृत्तीत सेव्ह झाली की जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून आरसीसीवाल्याशी आवृत्ती आधी ठरवा, नाहीतर आयएफसी, म्हणजे कोणत्याही मॉडेल-सॉफ्टवेअरला चालणारी फाइल, द्या. आणि यूपीएस हवाच. दुपारी लाइट गेली आणि सेव्ह करायचं राहिलं असेल, तर तासाभराचं काम जातं.

खरी अडचण माणसांची आहे, आणि ती शिकण्याची नाही. आरसीसीवाला ऑटोकॅडवरच काम करणार, हे गृहीत धरा. त्याची डीडब्ल्यूजी लिंक करून त्यावर मॉडेल उभं करा आणि विसंगती त्याला शीटवर गोल करून परत पाठवा. ऑफिसमध्ये मात्र एक नियम कडक ठेवा. बदल आधी मॉडेलमध्ये, मग शीटवर. ‘घाई आहे, डीडब्ल्यूजीतच खिडकी सरकवून पीडीएफ पाठवतो’ असं एकदा झालं की त्या क्षणापासून मॉडेल खोटं.

व्हॉट्सअॅपवर जुनी पीडीएफ मिस्त्रीच्या मोबाइलमध्ये पडून राहते आणि तो तीच उघडतो. फाइलच्या नावातच मजला, आर ० की आर १ (मूळ की पहिला बदल), आणि तारीख घाला. शीटवर डाव्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात मराठीत काय बदललं ते लिहा: ‘डक्टचा बीम ३०० खाली घेतला’. युनिकोड फॉन्ट वापरा. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्याच्या मशीनवर अगम्य चिन्हांत दिसतं.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी, सेंट्रिंगवर लोखंड बांधून झालेलं असताना, त्या मजल्याची ए३ शीट घेऊन वर चढायचं. मे महिन्यात काँक्रीट पहाटेच सुरू होतं, तेव्हा तपासायला वेळ नसतो. टेप लावून प्रत्येक सनकनची खोली, डक्टच्या बीमचा माथा आणि स्लीव्हची संख्या मोजायची. शीटवर सहा स्लीव्ह असतील आणि वर पाच सापडले, तर सहावा बसेपर्यंत पंप मागवायचा नाही.