देवलापारच्या नाल्यातला हातभर पट्टा

नागपुरात मी भूशास्त्र शिकवते आणि दर हिवाळ्यात एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना घेऊन नागपूरच्या उत्तरेला देवलापारला जाते. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा बेसाल्ट मागे पडतो, कामठीचा वालुकाश्म येतो आणि मनसरपासून पुढे सौसर समूहाचे रूपांतरित खडक, म्हणजे संगमरवर, क्वार्टझाइट आणि अभ्रकाने चमकणारा पापुद्रेदार शिस्ट, दिसू लागतात. भूवैज्ञानिक डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये याच भागात नॅप असल्याचे मांडले होते. कमी उताराच्या थ्रस्टवरून, म्हणजे सरकण्याच्या पृष्ठावरून, खडकांची अख्खी चादर सरकत येऊन दुसऱ्या खडकांवर बसली आहे, असा त्याचा अर्थ. वर्गात मी हे वर्षानुवर्षे सांगत आले. पण थ्रस्ट दाखवायची वेळ आली की माझे बोट नकाशावरच्या दातेरी रेघेवरच जात असे.

त्या जानेवारीत आम्ही एका लहान नाल्यात उतरलो. पात्रात खाली संगमरवर होता, वर नाइस हा पट्टेदार रूपांतरित खडक होता आणि दोहोंच्या मध्ये जेमतेम हातभर जाडीचा, गडद, चकमकीसारखा टणक पट्टा होता. माझ्या जुन्या फील्डबुकात त्याची नोंद ‘बारीक कणांचा शिस्ट’ अशी होती. एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, शिस्ट असेल तर यात अभ्रक का चमकत नाही?”

मी पट्ट्यावर पाणी ओतले आणि भिंग लावून पाहिले. काळसर पिठात ज्वारीच्या दाण्याएवढे फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे डोळे रुतलेले होते, प्रत्येकाला दोन्ही टोकांना बारीक शेपूट होते आणि सगळी शेपटे एकाच बाजूला कललेली होती. क्वार्ट्झ या दुसऱ्या खनिजाच्या तर फितीच झाल्या होत्या. तो मायलोनाइट होता, म्हणजे खडक एकमेकांवरून सरकताना खोलवर ताणला जाऊन बारीक झालेला खडक. खोलवर तापमान साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की क्वार्ट्झ न तुटता मळलेल्या कणकेसारखा ताणला जातो; फेल्डस्पारला त्यासाठी बरीच अधिक उष्णता लागते, म्हणून तो गोटा होऊन उरतो, आणि वरचा खडक कोणत्या दिशेला सरकला हे त्याच्या शेपटांच्या कलावरून वाचता येते. भेग किंवा चुरा शोधणाऱ्या डोळ्यांना ही हालचाल दिसत नाही, आणि मी इतकी वर्षे भेगच शोधत होते.

एका नाल्यावरून अख्ख्या नॅपचा निकाल लावता येत नाही, हे मी मुलांना तिथेच स्पष्ट सांगितले. तरीही एरवी ज्या पट्ट्यावर पाय देऊन आम्ही पुढे जायचो, त्याच्यापाशी त्या दिवशी दुपार गेली. क्लिनोमीटरने पट्ट्याची नती, म्हणजे उताराचा कोन, मोजली, ती २५ अंश भरली. नमुना फोडण्याआधी त्याच्यावर उत्तर दिशा आणि नतीचा बाण आखून घेतला, कारण ती खूण नसेल तर सूक्ष्मदर्शकाखालच्या पातळ छेदात शेपटे दिसतात, पण ती कोणत्या दिशेची हे सांगता येत नाही. जुनी नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून ‘मायलोनाइट’ लिहिले आणि वही त्या विद्यार्थिनीच्या हाती दिली, म्हणजे तिला आपल्या नकाशावर तो पट्टा स्वतः आखता येईल.